आलेख चढत होता, माझं लेकरू तिथंच होतं

आम्ही खानापूर तालुक्यातले. मुलगा साडेतीन वर्षांचा झाला तरी हाक मारली की बघायचा नाही, खेळण्यातल्या गाडीचं चाक मात्र तासभर फिरवत बसायचा. फेसबुकवर स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या मुलांची प्रगती मोजणाऱ्या ॲपची जाहिरात दिसली आणि मी नंबर दिला. दहा मिनिटांत फोन. बोलणारी बाई हिंदीत म्हणाली, "सहा महिन्यांत स्कोअर नॉर्मल येईल, आजच भरलंत तर सवलत." आधी सहा हजार, मग दरमहा अडीच हजारांचा ऑटोपे, म्हणजे खात्यातून पैसे आपोआप जाणार.

पहिली "तपासणी" म्हणजे वीस प्रश्न, हो किंवा नाही. ती यादी इंटरनेटवर फुकट मिळते आणि ती 16 ते 30 महिन्यांच्या बाळांसाठी असते, हे मला फार उशिरा कळलं. वर सल्ला असा, की घरात मराठी, दारात कन्नड यानं पोराचा गोंधळ होतो, फक्त इंग्रजीत बोला. आजीनं त्याच्याशी बोलणंच सोडलं. हे मला अजून खुपतं. दोन भाषा कानावर पडल्यानं ऑटिझम होत नाही, वाढतही नाही.

जानेवारीत आम्ही यल्लम्माच्या जत्रेला सौंदत्तीला गेलो. आठ दिवस ॲपवर एकही व्हिडिओ टाकला नाही, एकही नोंद केली नाही. परत येऊन बघते तर ॲपमधला प्रगतीचा आलेख 42 वरून 47 टक्क्यांवर! कशाच्या जोरावर? विचारलं तर "सिस्टीम अंदाज घेते" म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून त्यांचा फोन बंद.

मग बेळगावच्या सरकारी दवाखान्यात गेलो. तिथल्या मॅडमनी त्याला समोर बसवून, आम्हाला विचारून 'इसा' ही ऑटिझमची भारतीय मोजणी केली. चाळीस मुद्दे, प्रत्येकाला एक ते पाच गुण. एकूण 70 किंवा वर गेले की ऑटिझम धरतात. अपंगत्वाच्या दाखल्यालाही हीच चालते. त्याचे 112 आले, म्हणजे मध्यम. ॲपवर तो तेव्हा "सौम्य" होता.

मोबाईलवर नोंदी ठेवायला माझी हरकत नाही. पण मुलाला न बघता निदान सांगणाऱ्याला, बरं करण्याची तारीख देणाऱ्याला एक रुपया देऊ नका. दिलेच असतील तर यूपीआयमध्ये जाऊन ऑटोपे आधी रद्द करा आणि लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. मी तक्रार करायला दोन महिने थांबले, पैसे अजून आलेले नाहीत.

दर मंगळवारी स्पीच थेरपीला जातो. नोंदी साध्या वहीत लिहिते. आजी पुन्हा मराठीतच बोलते त्याच्याशी.