अर्धा काटा, अर्धी स्क्रीन: पावसाळा काढल्यावरचा अनुभव

आठ पट्ट्या. सदतीस लिटरची टाकी, आणि तिच्यात किती पेट्रोल उरलंय हे दाखवायला फक्त आठ पट्ट्या. गाडी घेऊन वर्ष होत आलं. मधे भर पावसात मीटरची स्क्रीन गेली, तिच्यावरून सर्व्हिस सेंटरशी बरेच दिवस वाद झाला, तो सगळा प्रकार पुढे सांगतो. पण या डॅशबोर्डबद्दल एकच गोष्ट सांगा असं कुणी म्हटलं, तर मी आधी पेट्रोलच्या पट्ट्यांबद्दलच बोलेन.

गाडीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण असाच मीटर हल्ली बऱ्याच कंपन्या देतात. डावीकडे आरपीएमचा, म्हणजे इंजिनच्या मिनिटाला किती फेऱ्या होतात ते दाखवणारा खरा काटा, उजवीकडे स्पीडचा खरा काटा, मधे रंगीत स्क्रीन. शोरूमवाले याला सेमी-डिजिटल म्हणतात. ट्रिप, ॲव्हरेज, टायरची हवा, उघडा राहिलेला दरवाजा, इंजिनचं तापमान, गाडी एकूण किती किलोमीटर चालली ते दाखवणारा ओडोमीटर आणि पेट्रोल हे सगळं मधल्या स्क्रीनवर. होंडा सिटीच्या २०२० च्या मॉडेलमध्ये स्पीडचा काटा खरा आणि आरपीएमचा स्क्रीनवर आहे, तशीही वाटणी असते. प्रत्येक कंपनी काय काट्याला द्यायचं आणि काय स्क्रीनला, हे आपल्या मनाने ठरवते. माझ्या गाडीत ही वाटणी नेमकी पेट्रोलच्या बाबतीत चुकली आहे.

पेट्रोलचं एवढं का, हे गोव्याबाहेरच्यांना कदाचित कळणार नाही. २०१२ मध्ये मनोहर पर्रीकरांनी पेट्रोलवरचा व्हॅट जवळजवळ शून्यावर आणला, तेव्हा लिटरमागे ११ रुपये एकदम उतरले होते. नंतर कर पुन्हा चढला, पण महाराष्ट्रापेक्षा आपल्याकडे पेट्रोल अजूनही स्वस्त मिळतं. सिंधुदुर्गातले लोक टाकी भरायला गोव्याच्या सीमेवरच्या पात्रादेवीपर्यंत येतात ते उगाच नाही. आमच्या हिचं माहेर सावंतवाडी. त्यामुळे जाताना गोव्यात भरायचं आणि परतताना गोव्यात शिरेपर्यंत पुरवायचं, हा आमच्या घरचा नियम. वडिलांच्या गाडीपासून चालत आलेला.

आता हिशेब बघा. सदतीस लिटरला आठ पट्ट्या म्हणजे एका पट्टीत साडेचार लिटरच्या वर पेट्रोल. माझं ॲव्हरेज सतराच्या आसपास येतं, म्हणजे एक पट्टी पंचाहत्तर-ऐंशी किलोमीटरची. परवा चवथीनंतर सावंतवाडीहून निघालो तेव्हा शेवटची एकच पट्टी उरली होती. ती नुकतीच एकटी पडली होती की आता लुकलुकायला लागणार होती, हे कळायला काहीच मार्ग नाही. काटा असता तर तो पाव रेघेच्या किती खाली आहे हे एका नजरेत दिसलं असतं. सीमेच्या अलीकडे, महाराष्ट्रातल्या बांद्याला पंपासमोर मी गाडी हळू केली, तशी ही म्हणाली, "अहो, दोनशेचं घाला नि चला, रस्त्यात अडकायला नको." घातलं. पात्रादेवी ओलांडून टाकी फुल केली तेव्हा पंपावरच्या आकड्यावरून कळलं, की दोनशेचं घातलं नसतं तरी फोंड्याला घरी पोचून वर उरलं असतं. दोनशे रुपयांच्या पेट्रोलवर वाचले असते ते चौदा-पंधरा रुपये, हे मलाही कळतं. पण गाडीला माहीत असलेली गोष्ट गाडी मला सांगत नाही, याचा राग येतो.

आणि ती गाडीला माहीतच असते. टाकीत एक तरंगता गोळा असतो. पेट्रोलबरोबर तो वरखाली होतो, त्याच्या दांडीने विद्युतरोध बदलतो आणि तो संदेश मीटरपर्यंत येतो. हा संदेश सलग असतो, त्यात आठ टप्पे नसतात. आठ टप्पे पाडतो तो मीटर. म्हणजे बारीक माहिती तारेतून येते आणि काचेच्या आत आल्यावर फेकून दिली जाते. हा दोष स्क्रीनचा म्हणूनच मला म्हणता येत नाही. इतक्या ठिपक्यांच्या रंगीत स्क्रीनवर एक बारीक काटा किंवा चाळीस रेघा काढायला काय अडचण आहे? त्याच स्क्रीनवर गाडीचं चित्र येतं, त्या चित्रात उघडा दरवाजा लाल होतो. तेवढं जमतं, मग पेट्रोलची पट्टी बारीक करायला का जमू नये?

"रेंज बघा ना" असं सेल्समन म्हणतो. रेंज म्हणजे उरलेल्या पेट्रोलवर गाडी अजून किती किलोमीटर जाईल तो आकडा, आणि तो अलीकडच्या ॲव्हरेजवरून काढलेला असतो. बेळगावला जाताना केरीच्या पुढे चोर्ल्याचा चढ लागला की तो भराभर उतरतो, परतताना उतारावर तो चढत जातो. आणि पेट्रोल खरंच कमी झालं की त्या जागी नुसत्या रेघा येतात.

असो. बाकीच्या मीटरकडे येतो.

पहिले दोन-तीन महिने मी स्क्रीनवर खूश होतो. टायरची हवा चाकानिशी दिसणं ही फार कामाची गोष्ट आहे. एकदा मागचं डावं चाक हळूहळू उतरत होतं ते भोमला पोचायच्या आत कळलं. त्या काळात माझं मत असं होतं, की हे दोन काटे ठेवून कंपनीने जागा वाया घालवली, वरच्या व्हेरिएंटची पूर्ण डिजिटल स्क्रीन घ्यायला हवी होती. ऑडीने २०१४ च्या टीटीमध्ये काटे काढून सगळी १२.३ इंचांची स्क्रीन बसवली, तेव्हापासून सगळ्यांचं बोट तिकडेच जातं.

ते मत मी आता बदललं आहे. पहिलं कारण ऊन. फोंड्याहून पणजीला सकाळी जाताना तोंड पश्चिमेला, म्हणजे बहुतेक वाटेत सूर्य पाठीशी. संध्याकाळी परतताना तोंड पूर्वेला, म्हणजे सूर्य पुन्हा पाठीशी. मागच्या काचेतून आलेलं तिरपं ऊन थेट मीटरवर पडतं. बाणस्तारीचा पूल ओलांडून कुंडईकडे येईपर्यंत मधली स्क्रीन धुतल्यासारखी होते आणि माझा स्वतःचा शर्टच तिच्यात दिसतो. काळ्या तबकडीवरचे पांढरे काटे मात्र त्याच उन्हात स्वच्छ दिसतात. पोलराइज्ड गॉगल घातला तर स्क्रीन आणखी काळवंडते, कारण तिच्यातून येणारा प्रकाशच एका दिशेने गाळलेला असतो.

दुसरं कारण पाऊस. जून ते सप्टेंबर आपण दिवसासुद्धा हेडलाइट लावूनच गाडी चालवतो. हेडलाइट लावले की गाडीला वाटतं रात्र झाली, आणि स्क्रीन मंद होते. दुपारी बारा वाजता, पाण्याच्या पांढऱ्या उजेडात, ती मंद स्क्रीन वाचायची म्हणजे डोळे ताणावे लागतात. यावर उपाय आहे, पण माहितीपुस्तिकेत तो आतल्या पानावर लपलाय. मीटरशेजारचं डिमरचं, म्हणजे मीटरचा उजेड कमीजास्त करायचं बटण वरच्या टोकापर्यंत फिरवलं, की एक बारीक टिक आवाज येतो आणि स्क्रीन दिवसाच्या उजेडावर परत येते. टिक होईपर्यंत फिरवायचं, त्याआधी सोडलं तर उपयोग नाही. रात्री मात्र ते आठवणीने खाली आणायचं.

काटा आणि आकडा यांत कोण चांगला, हा वाद मला आता निरर्थक वाटतो. दोघांची कामं वेगळी आहेत. चोर्ल्याच्या वळणावर तिसऱ्या गिअरवरून दुसऱ्यावर टाकायचा क्षण मला आरपीएमच्या काट्याच्या पडण्यावरून कळतो. काटा किती वेगाने खाली येतोय हे डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसतं, आकडा मात्र वाचावा लागतो. उलट पणजीच्या अटल सेतूवर किंवा नव्या झुआरी पुलावर मर्यादेत राहायचं असेल तर मधला स्पीडचा आकडा बरा. १ जुलै २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांत ताशी ऐंशी किलोमीटरला इशाऱ्याचा बीप वाजतो, तो नेमका कधी वाजणार तेही आकड्यावरून कळतं. मोबाइलवरच्या जीपीएसशी हा आकडा जुळत नाही म्हणून कुणी मीटर बिघडला असं समजू नये. संयुक्त राष्ट्रांच्या ३९ क्रमांकाच्या नियमानुसार स्पीडोमीटरने खऱ्यापेक्षा कमी कधीच दाखवायचं नसतं; जास्त मात्र दहा टक्के अधिक ४ किलोमीटरपर्यंत चालतं. खरा वेग ८० असेल तर मीटरला ९२ पर्यंत मुभा आहे. माझा मीटर ८० दाखवतो तेव्हा जीपीएस ७६-७७ दाखवतं, आणि त्यात माझी काही तक्रार नाही.

आता बिघाडाचं. आषाढातली गोष्ट, बेळगावहून परतत होतो. घाट उतरून केरीत आलो आणि मधली स्क्रीन एकदा फडफडली आणि काळी झाली. दोन्ही काटे चालू. तेलाचा, बॅटरीचा, ब्रेकचा दिवा तबकड्यांमध्ये वेगळा असतो, ते सगळे शाबूत. म्हणजे मीटरचं डोकं ठीक होतं, फक्त मधला चेहरा गेला होता. पण चेहऱ्याबरोबर पेट्रोल गेलं, तापमान गेलं, ओडोमीटर गेला. केरी ते फोंडा सगळा रस्ता मी टाकीत किती आहे याचा अंदाज बांधत आलो. पूर्ण डिजिटल मीटर असता तर त्या पावसात स्पीडसुद्धा दिसला नसता. त्या संध्याकाळपासून मी काट्यांच्या बाजूचा झालो.

सर्व्हिस सेंटरने आधी सांगितलं की स्क्रीन वेगळी मिळत नाही, अख्खा मीटर बदलावा लागेल, तीस हजारांच्या वर जाईल. वॉरंटी आहे म्हटल्यावर डॅशकॅमकडे, म्हणजे मी लावलेल्या रस्ता टिपणाऱ्या कॅमेऱ्याकडे बोट दाखवलं: "सर, बाहेरचं वायरिंग केलंय, क्लेम पास होणार नाही." डॅशकॅम बारा व्होल्टच्या सॉकेटला प्लग लावून चालतो. गाडीची एकही तार कापलेली नाही. मी एवढंच म्हटलं, की कुठली तार कापली आहे तिचा फोटो काढा आणि क्लेम का नाकारता ते जॉबकार्डवर, म्हणजे सर्व्हिसच्या कामाच्या कागदावर लिहून सही करा. तोंडी नकार द्यायला दोन मिनिटं लागतात, लेखी द्यायची वेळ आली की लोक विचार करतात. कंपनीच्या ग्राहक विभागाला ईमेल, मग पुन्हा ईमेल, मग त्यांचा माणूस गाडी बघायला आला. शेवटी मीटर वॉरंटीत बदलून मिळाला.

मधल्या काळात फोंड्यातल्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनला दाखवलं होतं. तो म्हणाला, "बाब, ओलाव्याने आतली पट्टीची केबल सैल होते कधीकधी. उघडून बसवून देईन, पण सील तुटलं की कंपनी हात वर करणार." त्याने उघडायला नकार दिला याबद्दल मी त्याचा आभारी आहे. वॉरंटी संपल्यावर असं झालं तर मी पहिला त्याच्याकडेच जाईन.

मीटर बदलताना एका गोष्टीवर अडून बसा. ओडोमीटर मीटरमध्येच राहतो. स्क्रीन काळी असल्यामुळे जुनं रीडिंग डोळ्यांना दिसत नव्हतं, ते स्कॅनर लावून काढलं आणि नव्या मीटरमध्ये भरलं. जुन्या आणि नव्या दोन्ही मीटरचे नंबर, रीडिंग आणि तारीख जॉबकार्डवर लिहून शिक्का घ्या. उद्या गाडी विकताना घेणारा मीटर बदललेला ओळखतो, आणि हातात कागद नसेल तर किलोमीटर मागे फिरवले असा संशय तुमच्यावर येतो.

काटा कधीच बिघडत नाही असं म्हणणाऱ्यांसाठी दोन ओळी. जुन्या मारुती ८०० मध्ये गिअरबॉक्सपासून तारेची केबल यायची, ती चुंबक फिरवायची आणि चुंबक काटा ओढायचा. ओटो शुल्झे या जर्मन माणसाने १९०२ मध्ये पेटंट घेतलेली हीच युक्ती. केबलचं ग्रीस सुकलं की वडिलांच्या गाडीचा काटा चाळीस ते साठमध्ये थरथरायचा. आजच्या काट्यामागे केबल नाही, छोटी स्टेपर मोटर आहे, आणि ती कॉम्प्युटरच्या हुकमावर टप्प्याटप्प्याने फिरते. म्हणजे आपला "ॲनालॉग" काटाही आतून डिजिटलच आहे, आणि ती मोटरही जाऊ शकते. मला तो आवडतो तो उन्हात दिसतो म्हणून, आणि स्क्रीन गेली तरी चालतो म्हणून.

नवा मीटर लागल्यापासून पावसात काही त्रास नाही. पट्ट्या मात्र आठच. अपडेटने बारीक होतील का विचारलं तर ॲडव्हायझर म्हणाला, "डिझाइनच तसं आहे, सर." सध्या मी टाकी फुल केली की ट्रिप बी, म्हणजे हवा तेव्हा शून्य करता येणारा किलोमीटरचा दुसरा आकडा, शून्य करतो आणि किलोमीटरवरून उरलेलं पेट्रोल काढतो. ॲव्हरेज सतराच्या खाली गेलं असेल, पावसात एसी चालू असेल, तर सोळाने भागतो. ट्रिप बी ४५० च्या पुढे गेला की सावंतवाडीला जायच्या आधी पेडण्यातच भरून घेतो.

शोरूममध्ये हा मीटर बघणाऱ्यांनी टेस्ट ड्राइव्ह दुपारी उन्हात घ्यावी, हेडलाइट लावून बघावं, गॉगल घालून बघावं, आणि पेट्रोलच्या पट्ट्या मोजाव्यात. ज्यांच्याकडे आधीच आहे त्यांनी पुढच्या सर्व्हिसला "इंधनमापक बारीक टप्प्यांत हवा" ही मागणी जॉबकार्डवर लिहून घ्यावी. मी माझी लिहून दिली आहे, सहीची प्रत गाडीच्या कागदांतच ठेवली आहे.