रॉटविलरसाठी बास्केट मझल, आठ महिने रोज वापरून सांगतेय

आमच्या ब्रुनोसाठी (रॉटविलर, नर, साडेचार वर्षांचा, वजन ४६ किलो) गेल्या डिसेंबरात रबरी बास्केट मझल (चावू नये म्हणून तोंडावर घालायची टोपलीसारखी जाळी) ऑनलाइन मागवला, १,४०० रुपयांना. वस्तू चांगली आहे, मोठा कुत्रा असेल तर नक्की घ्या, पाचपैकी चार देईन. ब्रँड मुद्दाम सांगत नाहीये कारण यात ब्रँडपेक्षा माप महत्त्वाचं आहे. पण घ्यायची वेळ का आली ते आधी सांगते, कारण खूप जणांना वाटतं मझल घातला की विषय संपला.

दिवाळीत दादा-वहिनी आणि माझा पाच वर्षांचा भाचा आला होता. ब्रुनो त्याला लहानपणापासून ओळखतो म्हणून आम्ही सगळे निर्धास्त. पाडव्याला ब्रुनो गॅलरीत हाड चघळत बसला होता आणि भाचा मागून त्याच्या गळ्यात पडायला गेला. ब्रुनो चघळायचा थांबला, अंग ताठ केलं, मान तशीच ठेवून डोळे तिरके, डोळ्यांचा पांढरा भाग दिसत होता, आणि मग गुरगुरला. नवरा त्याच्यावर जोरात ओरडला, पट्ट्याला धरून ओढत बाहेर नेलं, आणि आम्हाला वाटलं शिस्त लावली. दोन दिवसांनी तो सोफ्याखाली झोपलेला असताना भाचा परत जवळ गेला आणि यावेळी गुरगुरणं वगैरे काही नाही, सरळ तोंड टाकलं. एकच दात लागला, गालावर, डोळ्याच्या दोन बोटं खाली.

जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुतली, घड्याळ लावून, पोर हंबरडा फोडून रडत होतं तरी थांबलो नाही, मग दवाखाना. ब्रुनोची रेबीजची लस झालेली होती तरी डॉक्टरांनी जखमेत इम्युनोग्लोब्युलिन (रेबीजविरुद्धच्या तयार अँटीबॉडीजचं इंजेक्शन) दिलं आणि लसीचा पूर्ण कोर्स लिहून दिला. वहिनी मला एका शब्दाने बोलली नाही. ते फार लागलं.

आमच्या व्हेटनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिलं विचारलं, गुरगुरल्यावर तुम्ही काय केलंत? तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. गुरगुरणं म्हणजे कुत्र्याने दिलेली सूचना असते, त्याच्याही आधी ओठ चाटणं, झोप आलेली नसताना जांभई देणं, मान फिरवणं, थिजून बसणं असतं, ते आम्हाला चार वर्षांत दिसलंच नव्हतं. आणि जी सूचना दिसली तिच्यासाठी आम्ही त्याला शिक्षा केली. चूक शंभर टक्के आमची.

आता मझलबद्दल. आधी दुकानातून कापडी घेतला होता २५० रुपयांचा, तो घेऊ नका. तो तोंड बंद करून ठेवतो, आणि कुत्रा धापा टाकूनच अंग थंड करतो, तोंडच उघडता आलं नाही तर पुण्याच्या एप्रिल-मे मध्ये त्याला उष्माघात व्हायला वेळ लागत नाही. इंजेक्शनपुरता दोन मिनिटं ठीक, फिरायला अजिबात नको. बास्केटमध्ये ब्रुनो पूर्ण जबडा उघडतो, जीभ बाहेर काढतो, पाणी पितो, फटीतून पनीरचा तुकडाही खातो.

पण आणला आणि चढवला असं करू नका प्लीज. आम्हाला तीन आठवडे लागले. आत दही लावून नुसता हातात धरायचा, त्याने आपणहून नाक घालायचं, चाटून झालं की काढायचा, असं पाच-सहा दिवस, मग बक्कल एक सेकंद, मग पाच, मग घरातल्या घरात एक फेरी. आता मझल खुंटीवरून काढला की तो स्वतः येऊन नाक घालतो. आमचे आजोबा मळणीच्या बैलांना मुसकी बांधायचे, बैलाने पिकात तोंड घालू नये म्हणून, त्यात कुणाला बैलावर अन्याय वाटला नाही. सोसायटीत मात्र पहिल्या दिवशी लोक मुलांना घेऊन बाजूला झाले, बघा किती डेंजर आहे म्हणून. खरं तर मझल घातलेला कुत्रा हा त्या बागेतला सगळ्यात कमी धोक्याचा.

कुत्र्याच्या जातीवरून आमच्या ग्रुपवर खूप वाद झालेत. मार्च २०२४ मध्ये केंद्राने २३ जातींवर बंदी घाला असं राज्यांना पत्र पाठवलं होतं, त्यात रॉटविलरही होता, पुढे एप्रिलमध्ये कर्नाटक आणि दिल्ली हायकोर्टात ते टिकलं नाही. सायन्स साप्ताहिकात २०२२ ला १८ हजारांवर कुत्र्यांचा अभ्यास आला होता, त्यात एकेका कुत्र्याच्या स्वभावातला फक्त ९ टक्के फरक जातीमुळे निघाला. हे मला पटतं. पण म्हणून "माझा रॉटी काही करत नाही" म्हणणाऱ्यांच्या बाजूने मी नाही. पॉमेरेनियन चावला तर टाके, ब्रुनो पूर्ण ताकदीने चावला असता तर काय झालं असतं याचा मी रात्री विचार करू शकत नाही. २०२४ मध्ये गोव्यात हणजुण्याला सात वर्षांचा मुलगा पिटबुलच्या हल्ल्यात गेला. २०२५ मध्ये मुंबईत मानखुर्दला रिक्षात बसलेल्या मुलावर पिटबुल गेला आणि मालक बघत हसत होता, तो व्हिडिओ बघून मी रडले. जबडा मोठा असेल तर मालकाची काळजीही तेवढीच मोठी हवी, सोसायटीने सांगायची वाट बघायची नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ मध्ये निष्काळजी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद आहे, हे किती जणांना माहितीये?

मझल काय करत नाही तेही लिहिते. ४६ किलोचा कुत्रा मझलसकट धावत येऊन आदळला तर लहान मूल उताणं पडतं, त्यामुळे पट्टा हातातच हवा. आणि घरात मूल आणि कुत्रा एकटे सोडायचे नाहीत, मझल असला तरी, दोन मिनिटं दूध बघायला जायचं असलं तरी. आम्ही पॅसेजला बेबी गेट बसवलं, ब्रुनो खाताना-झोपताना गेटच्या पलीकडे. भाच्याला शिकवलंय की कुत्रा अंगावर आला तर पळायचं नाही, ओरडायचं नाही, हात छातीशी घेऊन झाडासारखं उभं राहायचं आणि खाली बघायचं.

एक मार्क कापला तो यासाठी की नाकाच्या हाडावर घासतो, तिथले केस गेले होते, मी जुन्या स्वेटरची पट्टी आतून शिवली तेव्हा थांबलं. पावसात बक्कलही गंजलं. माप घेताना नाकाच्या टोकापासून डोळ्यांच्या जरा खालपर्यंतची लांबी घ्या आणि जबड्याचा घेर तोंड उघडं असताना घ्या, आम्ही बंद तोंडाचा घेतला आणि पहिला पीस परत पाठवावा लागला. कपाळावरून जाणारा पट्टा असलेलाच मागवा, नुसता मानेचा असेल तर पंजाने दोन मिनिटांत काढतात.