अग्निशमनच्या तरतुदीला कात्री: माणसे, बंब की उपकेंद्र?

नगरपरिषदेच्या अंदाजपत्रकात तूट आली की अग्निशमन विभागापुढे बहुधा चार पर्याय ठेवले जातात: रिक्त पदे न भरणे, नवा बंब पुढे ढकलणे, देखभाल-प्रशिक्षणाची तरतूद निम्म्यावर आणणे किंवा उपकेंद्र बंद करणे. वाचणारी रक्कम जवळपास असली तरी परिणाम सारखा नसतो. आगीची वर्दी (खबर) आल्यापासून आगीवर पाणी पडेपर्यंत किती मिनिटे वाढतात आणि आत शिरता येते का, या दोन कसोट्यांवर चारही पर्याय तपासावेत.

आधी माणसे. एका बंबावर यंत्रचालक, लीडिंग फायरमन (तुकडीचा प्रमुख) आणि ४ फायरमन असे ६ जण धरतात. आस्थापना शाखा ‘तीन पाळ्या, १८ माणसे’ असा हिशेब मांडते, तो चुकीचा आहे. आठवड्याचे तास १६८, एका माणसाचे ४८, म्हणजे एकच जागा भरलेली ठेवायला साडेतीन माणसे लागतात. रजा, आजारपण आणि प्रशिक्षण धरले की सव्वाचार. ६ जागांना २५-२६ जण हवेत. हजेरीपटावर १८ असतील तर रात्रपाळीचा बंब ३-४ जणांवर निघतो. यंत्रचालक पंपाशी अडकतो, एक जण ब्रांच (नळीच्या टोकाची तोटी) धरतो, एक होज (पाण्याची नळी) पसरतो. धुरात शिरायचे तर श्वसनयंत्र लावलेली जोडी आणि बाहेर त्यांची वेळ मोजणारा तिसरा लागतो. तो नसेल तर आग खिडकीतूनच विझवायची आणि आत कोणी अडकले असेल तर दुसऱ्या बंबाची वाट पाहायची. कंत्राटी चालकाकडे जड वाहनाचा परवाना असतो, पण पीटीओ (इंजिनाची ताकद पंपाला देणारा जोड) केव्हा जोडायचा, प्रायमिंग (पंपातली हवा काढून त्यात पाणी भरणे) न झाल्यास हवा कुठून येते हे त्याला शिकवलेलेच नसते. कोरडा फिरलेला पंप काही मिनिटांत सील जाळतो.

बंब पुढे ढकलणे त्या मानाने सुसह्य, पण अटींवर. ७ बार दाबाला २० मिमी नोझलमधून मिनिटाला साधारण ७०० लिटर पाणी जाते. ४५०० लिटरची टाकी साडेसहा मिनिटांत रिकामी. गावात हायड्रंट (बंब भरायचे रस्त्यावरचे नळ) चालू नसतील, आणि बहुतेक ठिकाणी नसतातच, तर सातव्या मिनिटाला दुसरा बंब किंवा टँकर दारात हवा. म्हणून शहरात एकच गाडी असेल तर हा पर्याय बाद. दोन असतील तर जुनीचे वय पाहा. १ एप्रिल २०२३पासून १५ वर्षांवरील सरकारी वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरण होत नाही, आणि निविदा, चॅसी, त्यावर टाकी-पंपाची बांधणी, पासिंग यांत वर्ष सहज जाते. १० वर्षांची गाडी दोन वर्षे थांबू शकते; १४ वर्षांची नाही. किलोमीटर कमी दिसतात म्हणून फसू नका. बंब उभा राहून पंप चालवतो, तेव्हा इंजिनाचे तास पाहायचे.

देखभालीला कात्री सर्वांत सोपी, कारण सभागृहात कोणी विचारत नाही. आमच्या मते हाच सर्वांत वाईट पर्याय. सक्शन होजचा (पाणी ओढणाऱ्या नळीचा) वॉशर किंवा पंपाचे ग्लँड पॅकिंग (दांड्याभोवतीची गळतीरोधक भर) गेले की विहिरीतून पाणीच उचलत नाही. होज वर्षभर त्याच घडीवर ठेवली की नेमकी तिथे फुटते. श्वसनयंत्राचा ६ लिटरचा सिलिंडर ३०० बारला १८०० लिटर हवा देतो. मिनिटाला ४० लिटर धरले तर ४५ मिनिटे. जिना चढताना वापर दीडपट-दुप्पट होतो, हवा संपत आल्याची शिट्टी वाजल्यावर बाहेर पडण्यासाठीची राखीव हवा वेगळी, तेव्हा प्रत्यक्ष काम वीस-पंचवीस मिनिटांचे. हवा भरणारा कॉम्प्रेसर बंद पडून सिलिंडर अर्धेच भरलेले असतील तर तेवढेही नाही. नवी गाडी घेऊन देखभाल तोडण्यापेक्षा जुनी गाडी ठेवून देखभाल पूर्ण द्यावी.

उपकेंद्र बंद करताना लंडनचा दाखला हमखास दिला जातो. ९ जानेवारी २०१४ला तिथे १० केंद्रे बंद झाली, १४ बंब आणि ५५२ पदे कमी केली. पहिला बंब ६ आणि दुसरा ८ मिनिटांत, हे तिथले उद्दिष्ट. पण ते सरासरीचे. सरासरी टिकली तरी एखाद्या वॉर्डाची मिनिटे वाढलेली असू शकतात. शिवाय लंडनमध्ये शेजारचे केंद्र जवळ असते. आपल्याकडे शेजारचे केंद्र म्हणजे बऱ्याचदा पुढचे गाव. ताशी ३० किमी वेगाने दर किलोमीटरला २ मिनिटे. उपकेंद्र गेल्यावर अंतर ४ किमीने वाढले तर ८ मिनिटे, म्हणजे पहिल्या बंबाची टाकी संपण्याहून जास्त वेळ. बाजाराच्या दिवशी, रेल्वे फाटक पडलेले असताना गाडी स्वतः चालवून वेळ मोजा, नकाशावर नको.

कात्री लावण्याआधी जमेची बाजूही उघडा. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार अग्निशमन सेवा शुल्क घेता येते. ते सर्वसाधारण निधीत मिसळले जाते की विभागाला परत मिळते, लेखा शाखेकडून लेखी घ्या. जानेवारी आणि जुलैत इमारतींकडून येणाऱ्या ‘ब’ नमुन्यातील (आगरोधक यंत्रणा चालू असल्याच्या) प्रमाणपत्रांची यादी शुल्काच्या वहीशी ताडून पाहिली की थकबाकीदारांची नावे आपोआप वर येतात. तपासणीसाठी फिरणारा अधिकारी कमी केला तर ही यादीही बनत नाही आणि वसुलीही थांबते.