समुद्रापासून दूर, आरमाराचा वाडा : विसो देल मार्केस

स्पेनमध्ये माद्रिदहून दक्षिणेकडच्या आंदालुसियाकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरचे बहुतेक प्रवासी ला मांचाचा सपाट प्रदेश गाडीच्या खिडकीतूनच पाहतात आणि पुढे निघून जातात. याच रस्त्यावर अलमुरादिएलपाशी वळले की थोड्याच अंतरावर, सिएरा मोरेना डोंगररांगेच्या पायथ्याशी, विसो देल मार्केस हे जेमतेम दोन-अडीच हजार वस्तीचे गाव लागते. गावाच्या मधोमध सांता क्रूझच्या मार्केसचा (‘मार्केस’ ही सरदारकीची पदवी) सोळाव्या शतकातला वाडा उभा आहे. हा मार्केस, म्हणजे स्पेनच्या दुसऱ्या फेलिपे राजाचा नौदल सेनापती आल्वारो दे बाझान, आयुष्यभर समुद्रावर लढला. आणि जवळात जवळचा समुद्र येथून सुमारे दोनशे किलोमीटरवर आहे. ‘मार्केसने विसोत वाडा बांधला, कारण त्याच्या मनात आले आणि त्याला ते जमण्यासारखे होते,’ अशी म्हण स्पेनमध्ये प्रचलित आहे.

म्हण गमतीची असली तरी पुरेशी नाही. बाझान घराण्याने ही जहागीर सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात सम्राट पाचव्या कार्लोसकडून विकत घेतली होती, आणि राजदरबार एकीकडे व दक्षिणेची बंदरे दुसरीकडे अशी सतत ये-जा करणाऱ्या माणसाच्या दृष्टीने ही जागा वाटेवरचीच होती. बांधकाम १५६४ च्या सुमारास सुरू झाले आणि दोन दशकांहून अधिक काळ चालले. आराखड्याशी ‘बेर्गामास्को’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जोव्हानी बात्तिस्ता कास्तेल्लोचे नाव जोडले जाते, तर भिंती आणि छते रंगवण्यासाठी पेरोली बंधू, चेझारे आर्बासिया आणि इतर इटालियन कलावंत येथे आले.

बाहेरून वाडा काहीसा निराश करतो, हे आधीच सांगितलेले बरे. दर्शनी भाग करडा आणि कोरडा आहे, आणि कोपऱ्यांवरच्या बुरुजांचे माथे १७५५ च्या लिस्बन भूकंपानंतर राहिले नाहीत, त्यामुळे इमारत मूळच्यापेक्षा बुटकी व बोजड दिसते. दरवाजातून आत, दुमजली कमानींच्या चौकात पाऊल टाकले की मात्र हे मत बदलावे लागते. चौकाभोवतालच्या ओवऱ्यांत भिंत म्हणून मोकळी अशी उरलेलीच नाही. खांब, कोनाडे, कोनाड्यांतले पुतळे, संगमरवराच्या चौकटी असे बरेच काही दिसते, आणि त्यातले पुष्कळसे केवळ रंगाचे आहे. खऱ्या दगडी खांबाला लागूनच रंगवलेला खांब उभा असतो. समोरून पाहताना त्याची गोलाई आणि सावली अगदी खरी वाटते, पण दोन पावले बाजूला सरकले की खांब चपटा होतो आणि कलावंताने आपल्याला नेमके कुठे उभे करायचे ठरवले होते, ते उमगते. रंगवलेले क्षेत्रफळ सुमारे ८,००० चौरस मीटर असल्याचे सांगितले जाते. हा आकडा ऐकून छाती दडपते, परंतु मला विचाराल तर एवढ्या विस्तारात सर्वच चित्रे सारख्या तोलाची नाहीत. काही दालनांतील पौराणिक देवदेवता पाट्या टाकल्यासारख्या उरकलेल्या वाटतात.

जिन्याबाबत मात्र कसलीही तक्रार नाही. चौकाच्या पलीकडे दुहेरी चढणीचा प्रशस्त जिना आहे, आणि तेथे समुद्रदेव नेपच्यून व युद्धदेव मार्स यांच्या रूपांतले पुतळे आहेत. देव रोमन असले तरी गौरव बाझान घराण्याचाच चालला आहे, हे समजायला मार्गदर्शकाची गरज पडत नाही. पुढची चित्रे तर उघडच बोलतात : बंदरे, नगरे, वेढे आणि गलबतांच्या रांगा. ऑटोमन तुर्कांच्या आरमाराविरुद्धच्या १५७१ च्या लेपांतोच्या लढाईत बाझान राखीव तुकडीचा प्रमुख होता आणि १५८२ मध्ये अझोर बेटांजवळ त्याने फ्रेंच ताफ्याचा पराभव केला. हा वाडा त्याच पराक्रमांची भिंतीवर मांडलेली बखर आहे. बखरीत असते तसे येथेही लिहवून घेणाऱ्याचेच म्हणणे ऐकू येते. त्या काळच्या युद्धगलबतांची वल्ही कैदी आणि गुलाम ओढत असत. या भिंती पाहताना त्यांची आठवण पाहणाऱ्यानेच ठेवायची आहे. इंग्लंडवरील मोहिमेची तयारी चालू असताना १५८८ च्या फेब्रुवारीत बाझान लिस्बनमध्ये मरण पावला आणि आरमाराची सूत्रे मेदिना सिदोनियाच्या ड्यूककडे गेली. ती मोहीम फसली, पण स्पॅनिश आरमाराची ती सर्वांत गाजलेली नामुष्की त्यामुळे या घराण्याच्या खात्यावर पडली नाही.

एवढी मोठी वास्तू छोट्या गावात टिकली कशी, याचे उत्तर मला चित्रांइतकेच मोलाचे वाटते. मालकांची वर्दळ थांबल्यावर अशा वाड्यांचे जे होते तेच येथेही होऊ लागले होते; धान्याचे कोठार, तुरुंग अशा कामांसाठीही तो वापरला गेला. १९३१ मध्ये त्याला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला. पुढे १९४० च्या दशकाच्या अखेरीस मार्केसच्या वंशजांनी तो दीर्घ मुदतीच्या कराराने, वर्षाला एक पेसेता (तेव्हाचे स्पॅनिश चलन) अशा नाममात्र भाड्याने, स्पॅनिश नौदलाला दिला. नौदलाने डागडुजी केली आणि येथे आपले मध्यवर्ती दप्तर आणले. आज आल्वारो दे बाझानच्या नावाच्या या अभिलेखागारात अठराव्या शतकापासूनची जहाजांची आणि नौसैनिकांची कागदपत्रे सांभाळली जातात, आणि त्यासाठी अभ्यासक येथे येतात. पर्यटकांना अर्थातच कपाटांपर्यंत नेले जात नाही; पण वाड्यात आजही कामकाज चालते, आणि निव्वळ तिकिटावर जगणाऱ्या वास्तूंची कळा त्याला आलेली नाही.

केवळ इटालियन भित्तिचित्रे पाहायची असतील तर इटलीत याहून सरस पुष्कळ आहे. सोळाव्या शतकातील स्पेनचा एक सरदार स्वतःला कसे पाहत होता, हे एकाच छताखाली समजून घ्यायचे असेल, तर मात्र वाट वाकडी करून येथे यावे. किमान दीड-दोन तास हाताशी ठेवावेत, लेपांतो आणि अझोरच्या लढायांविषयी थोडे वाचून यावे, आणि मान अवघडेल याची तयारी ठेवावी, कारण निम्मे पाहायचे ते छतावरच आहे. निघण्यापूर्वी जवळच्या चर्चमध्येही डोकवावे. मार्केसने अर्पण केल्याचे सांगितली जाणारी, पेंढा भरलेली एक मगर तेथे भिंतीवर टांगलेली आहे, आणि लहान मुले बरोबर असतील तर वाड्यापेक्षा तीच त्यांच्या अधिक लक्षात राहील.