काका विश्वस्त की कंपनी? ट्रस्ट डीडमधलं ‘जबाबदार नाही’ कलम

मुलांसाठी खाजगी ट्रस्ट करायचा ठरला की वकिलाने केलेल्या ट्रस्ट डीडच्या, म्हणजे न्यासपत्राच्या, मसुद्यात शेवटी शेवटी एक कलम बहुधा असतंच: ‘लबाडी वगळता कोणत्याही नुकसानीस विश्वस्त जबाबदार राहणार नाहीत.’ तोवर वाचून वाचून डोळे थकलेले असतात, सही होऊन जाते. हे कलम ठेवायचं की खोडायचं, हे विश्वस्त कोण यावर ठरवावं.

आधी काका. फुकट काम करणारा, घरचा माणूस. १८८२च्या भारतीय न्यास अधिनियमाचं कलम १५ त्यांच्याकडून एवढंच मागतं, की साधारण शहाणा माणूस स्वतःच्या मालमत्तेची घेतो तेवढी काळजी घ्या. ती घेतली आणि तरी नुकसान झालं, तर एरवी ते त्यांच्या माथी येत नाही. दुसऱ्या विश्वस्ताने केलेल्या घोळाचंही तसंच, पण पैसे त्याच्या हाती देऊन पाठ फिरवली किंवा गैरप्रकार कळूनही गप्प बसले, तर कलम २६ त्यांना सोडत नाही. अडचण येते ती प्रामाणिक चुकीची. सचोटीने आणि समंजसपणे वागलेल्या विश्वस्ताला इंग्लंडमध्ये १९२५च्या कायद्याच्या कलम ६१खाली न्यायालय माफ करू शकतं. आपल्या १८८२च्या कायद्यात तशी तरतूद नाही. म्हणून काकांना थोडं कवच द्यावं, असं माझं मत.

आता कंपनी, म्हणजे विश्वस्ताचं काम धंदा म्हणून करणारी संस्था. ती फी घेते, तज्ज्ञ म्हणून मिरवते आणि तरीही तेच कवच मागते. इंग्लंडमध्ये ते चालतंही. १९९७च्या ‘आर्मिटेज विरुद्ध नर्स’ खटल्यात अपील न्यायालयाने घोर निष्काळजीपणाही माफ करणारं कलम वैध ठरवलं. अप्रामाणिकपणा तेवढा माफ होणार नाही म्हटलं. जर्सी बेटाचा कायदा जास्त कडक आहे. लबाडी, जाणूनबुजून केलेलं गैरवर्तन आणि घोर निष्काळजीपणा, तिन्हींना तिथे सूट देता येत नाही. न्यूयॉर्कमध्ये तर मृत्युपत्रातून झालेल्या ट्रस्टच्या विश्वस्ताला साध्या हयगयीचीही माफी नाही.

आपल्याकडे डिबेंचर ट्रस्टीपुरता (कंपनीचे कर्जरोखे घेणाऱ्यांच्या वतीने नेमलेला विश्वस्त) कायदा स्पष्ट आहे. कंपनी कायदा २०१३, कलम ७१(७): योग्य काळजी न घेणाऱ्या डिबेंचर ट्रस्टीला मोकळं करणारी अट रद्दबातल. सूट द्यायचीच तर मूल्याने तीन-चतुर्थांश डिबेंचरधारकांनी बैठकीत मान्य करायला हवी. खाजगी ट्रस्टच्या लाभार्थ्यांसाठी इतकं थेट कलम १८८२च्या कायद्यात नाही. म्हणजे राखण मसुद्यातच करावी लागते.

मूल विशेष गरजांचं असेल तर आणखी जपून. लाभार्थ्याने समजून-उमजून संमती दिली असेल तर १८८२च्या कायद्याचं कलम २३ विश्वस्ताला सोडतं, पण ती संमती करार करण्यास सक्षम व्यक्तीचीच लागते. जो मुलगा संमती देऊ शकत नाही, तो विश्वस्ताला स्वतः जाबही विचारू शकत नाही.

(देऊळ किंवा शाळेचा सार्वजनिक ट्रस्ट असेल तर वाटच वेगळी: महाराष्ट्रात १९५०चा कायदा, धर्मादाय आयुक्त, आणि कलम ४०-४१खाली विश्वस्ताकडून नुकसानभरपाई.)

मी काय करेन? काकांसाठी कलम ठेवेन, पण अपवादात जर्सीसारखे तिन्ही दोष लिहवून घेईन. कंपनीसाठी खोडेन. दोघं मिळून विश्वस्त असतील तर दोघांची कलमं वेगळी. आणि कंपनीचं फीपत्र शेवटच्या पानापर्यंत वाचेन. डीडमधून खोडलेली माफी तिथून परत आत येऊ शकते.