चावीचा सेल बदलला आणि साडेसात हजार रुपये गेले

सेल बदलल्यावर गाडीची रिमोट चावी चालेनाशी झाली आणि कोणी ‘प्रोग्रामिंग उडाले’ असे सांगू लागला, तर त्याला एक पैसाही देऊ नका. मी ७,५०० रुपये दिले आहेत: येण्याचे ५००, ‘नव्या चिप’चे ४,२०० आणि प्रोग्रामिंगचे २,८००.

सीआर २०३२ हा ३ व्होल्टचा सेल जुन्यावरचा आकडा पाहून आणला होता, आणि कोणती बाजू वर होती हे विसरू नये म्हणून उघडलेल्या चावीचा फोटोही काढून ठेवला होता. तरीही दारे उघडेनात. इंटरनेटवर गाडीच्या कंपनीच्या नावापुढे ‘अधिकृत’ असे लिहिलेला जो क्रमांक सर्वांत वर दिसला, त्यावर मी फोन केला. अशा जाहिराती पैसे मोजून वर आणल्या जातात हे मलाही ठाऊक आहे. परंतु सकाळी वडिलांना तपासणीसाठी न्यायचे होते, दुसरी चावी परगावी भावाकडे होती, आणि अशा वेळी क्रमांकाची कुळकथा तपासत कोण बसतो?

फोनवरून बोलावलेल्या माणसाने चावीच्या पोटातली धातूची चावी काढून दार उघडले, रिमोट स्टार्टच्या बटणाला टेकवला, बटण दाबले आणि इंजिन सुरू झाले. ते सुरू असतानाच तो मान हलवत म्हणाला, “साहेब, चिप गेली आहे. सेल काढला की मेमरी उडते.” हा क्षण आठवला की आजही अंगाची लाही होते. इमोबिलायझरच्या, म्हणजे ओळखीच्या चावीशिवाय इंजिन सुरू होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या, चावीतल्या चिपला सेल लागतच नाही. तिला वीज गाडीतल्या कॉइलकडून मिळते आणि तिच्यातला कोड सेल काढल्याने पुसला जात नाही. चिप खरोखर गेली असती, तर इंजिन सुरूच झाले नसते. खोटेपणाचा पुरावा माझ्या कानाशी घुरघुरत होता आणि मी त्याला “किती खर्च येईल?” असे विचारत होतो.

पुढे तो चावी घेऊन स्वतःच्या व्हॅनमध्ये जाऊन बसला आणि त्याने दार लावून घेतले. नवी चिप जोडायची, तर उपकरण गाडीला जोडावे लागते. माझ्या गाडीला मात्र कोणी हातही लावला नाही. चावी नजरेआड जाऊ देऊ नका. तो चकचकीत चावी घेऊन परतला, तिने दारे उघडली, मी ऑनलाइन पैसे भरले, आणि “बिल मोबाइलवर येईल” असे सांगून तो गेला. जुनी चावी म्हणे कंपनीला जमा करावी लागते.

बिल आले नाही, तेव्हा मी ती ‘नवी’ चावी उघडली. आतल्या पट्टीवरचा छापील क्रमांक, बटणाजवळचा डाखाचा वेडावाकडा ठिपका, सगळे माझ्या फोटोतल्यासारखेच होते. बदलले होते ते फक्त प्लॅस्टिकचे कवच. आणि सेल बसवताना दबलेली धातूची स्प्रिंग किंचित वर उचललेली होती. स्प्रिंग दबली की ती सेलला टेकत नाही, म्हणून ती आधी पाहा. सेलची जाडीही पाहा: २०३२ हा ३.२ मिलिमीटरचा असतो, २०२५ हा २.५ चा, त्यामुळे तो सैल बसतो. मुलांनी गिळू नये म्हणून काही सेलना कडू लेप दिलेला असतो, त्यानेही काही चाव्यांत संपर्क नीट होत नाही.

पोलिसांनी सांगितले की पैसे तुम्ही राजीखुशीने दिले आणि चावी चालते आहे, तेव्हा हा दिवाणी वाद आहे. ग्राहक तक्रारीसाठी बिल मागितले गेले; बिल न देणे हीच माझी तक्रार आहे, हे समजावून सांगितल्यावर पोलिसांकडे जाण्याचा सल्ला मिळाला. बँकेच्या मते व्यवहार माझ्याच पिनने झाला, त्यामुळे तिचा संबंध नाही. कंपनीच्या ग्राहक सेवेने तो माणूस आमचा नाही एवढे तत्परतेने कळवले, मात्र तिच्या नावाने चाललेल्या त्या जाहिरातीविषयी चकार शब्द काढला नाही. जाहिरात आजही वरच आहे. फोटो, छापील क्रमांक, व्यवहाराची नोंद असे सगळे जोडून केलेल्या माझ्या तक्रारीपुढे ‘निकाली’ असा शेरा पडला आहे, आणि तो कोणी, कशाच्या आधारे मारला हे विचारणारा अर्ज मी दाखल केला आहे.