छातीत दमा, हातात लंडनचं तिकीट: हॉटेल, भाड्याचा फ्लॅट की मावशीचं घर?

दादरच्या कबुतरखान्यापासून आमची बिल्डिंग पाच मिनिटांवर. त्यामुळे परदेशी निघाले की शेजारीपाजारी म्हणतात, "आता स्वच्छ हवा मिळेल, दम्याचा पंप कशाला नेतेस?" मी हसते आणि केबिन बॅगेत दोन पंप टाकते. बाहेरची हवा तिथे बरी असेलही, पण रात्रभर आपण श्वास घेतो तो खोलीत. आमच्या घरात लादीवरून रोज ओलं फडकं फिरतं. लंडनच्या खोल्यांत मात्र बऱ्याचदा या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत कार्पेट असतं, आणि डोळ्यांना न दिसणारे धुळीतले किडे त्यात आणि गाद्यांत मजेत नांदतात.

हॉटेलची किंमत कळते ती मध्यरात्री. दोन वाजता छाती आवळली आणि पंप घेऊनही उतार पडेना, तर खाली कुणीतरी जागं असतं, 999 हा तिथला आपत्कालीन नंबर फिरवून पत्ता नीट सांगू शकणारं. (रिसेप्शन रात्रभर चालू असतं का, हे मात्र छोट्या हॉटेलात विचारून घ्या.) खोली मानवली नाही तर बदलून मागता येते. मी एकदा तीन बदलल्या. तिसऱ्या खेपेला काउंटरवरचा मुलगा माझ्याकडे असा बघत होता, जणू मी साडीच्या दुकानात गठ्ठे उलगडायला लावतेय. पिसांच्या उशीऐवजी सिंथेटिक उशी आधी कळवलं तर बहुतेक ठिकाणी मिळते. खोलीत सुगंधी फवारा मारू नका, हेही तेव्हाच सांगावं. इंग्लंडमध्ये 2007 पासून बंदिस्त सार्वजनिक जागांत धूम्रपानाला बंदी आहे, पण हॉटेलांना त्यासाठी काही खोल्या राखून ठेवता येतात, म्हणून बुकिंगमध्ये 'नॉन-स्मोकिंग' लिहिलेलं पाहिजेच. स्वस्त हॉटेलं पुष्कळदा जुन्या उंच घरांत असतात. तिथे लिफ्टची चौकशी करा. चाळीचे जिने चढायची सवय वेगळी आणि थंडीत सूटकेस घेऊन चौथा मजला वेगळा.

चार-पाच रात्रींसाठी मी डोळे झाकून हॉटेल घेते. दोन आठवड्यांसाठी मात्र फ्लॅट, तोही फोटोत लाकडी जमीन दिसत असेल तरच. वॉशिंग मशीन असलं की पोहोचल्या दिवशीच चादरी आणि अभ्रे 60 अंशांवर धुता येतात. त्या तापमानाला ते किडे मरतात. फोटोला वास नसतो, हीच फ्लॅटची अडचण. तळघरातला फ्लॅट स्वस्त दिसला तरी सोडून द्या, कारण ओल आणि बुरशी तिथे लवकर धरते. मालकाला एवढंच लिहा: "मला दमा आहे. घरात कुत्रा किंवा मांजर राहतं का, किंवा गेल्या काही महिन्यांत राहिलं होतं का? भिंतींना ओल आहे का?" मांजर गेलं तरी त्याचं ॲलर्जन सोफ्यात, गालिच्यात महिनोन् महिने टिकतं, म्हणून 'गेल्या काही महिन्यांत' हे शब्द गाळू नका. उत्तर बुकिंगच्या साइटवरच लेखी घ्या. पुढे पैसे परत मागायची वेळ आली तर तेच उपयोगी पडतं. स्वयंपाकाला गॅस असेल तर फोडणीच्या वेळी खिडकी उघडी हवी.

खिडकीचं गणित महिन्यावर ठरतं. मे ते जुलै हा तिथे गवताच्या परागांचा हंगाम. परागांनी त्रास होणाऱ्याला तेव्हा हॉटेलची न उघडणारी खिडकीसुद्धा गुणाची वाटते.

विम्याच्या अर्जात दमा लपवू नका. इंग्लंडमध्ये आपत्कालीन विभागातले उपचार परदेशी पाहुण्यालाही मोफत असतात, पण वॉर्डात दाखल केलं की बिल येऊ शकतं.

राहिलं मावशीचं घर. पैसे शून्य, जेवायला वरणभात, रात्री काही झालं तर घरचं माणूस शेजारी. आणि पलंगावर मांजर! हॉटेलात खोली बदलून मागता येते, मालकाला प्रश्न विचारता येतात, मावशीला "कार्पेट कधी साफ केलंस?" असं कोण विचारणार? ती प्रेमाने सकाळ-संध्याकाळ उदबत्तीही लावते. गेल्या खेपेला तिसऱ्या रात्री मी तिच्या सोफ्यावर बसून पहाट काढली आणि सकाळी "जेट लॅग आहे" म्हणून सांगितलं. यंदा तिच्या घरापासून दोन स्टॉपवर फ्लॅट घेतलाय आणि फोनवर आधीच बोलून टाकलं: "मावशी, जेवायला रोज येईन, झोपायला नाही." दोन दिवस फुगली होती. मग विचारलं, "तुझ्यासाठी डबा देऊ का रात्रीचा?"